नादारीचा न्याय



जून महिन्यांत सकाळीं सात वाजतां सावेडीच्या रस्त्यानें जो कोणी जाईल, त्यास एकाच कोपऱ्यावर दोन प्रकारचीं मुलें दिसतील. कांहीं मुलें शाळेच्या पिवळ्या मोटारीची वाट पाहत उभीं असतात. अंगावर नवा गणवेश, पायांत चकचकीत बूट, गळ्यांत नांवाची पट्टी. कांहीं मुलें आपल्या आईचा पदर धरून आलेलीं असतात. ज्या घरचें मूल मोटारींत बसतें, त्याच घरीं ही आई धुणीं-भांडीं करावयास जाते. सावेडी हें पूर्वीं अहमदनगराच्या उत्तरेस शेतें असलेलें एक खेडें होतें. आज तें शहराचें मोठें उपनगर झालें आहे, आणि शहराचेंही नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे. शेतें गेलीं, बंगले आले, आणि बंगल्यांच्या मागोमाग खासगी शाळा आल्या.

ह्या शाळांचीं दारें मोलकरणीच्या मुलास उघडावीं कीं नाहीं, आणि उघडावयाचीं तर कोणत्या नियमानें, हा आजच्या पाठाचा विषय आहे. हा विषय शहरवासीयांचा आहे, आम्हां खेडेगांवच्या मंडळ्यांस त्याचें काय, असें कोणीं म्हणूं नये. आपल्यापैकीं पुष्कळांची मुलें-नातवंडें मजुरीसाठीं शहरांत गेलीं आहेत. शिवाय गांवांतील उपदेशकाकडे दर उन्हाळ्यांत कोणी ना कोणी येऊन म्हणतें, “आमच्या मुलासाठीं एक चिठ्ठी द्या.” ती चिठ्ठी लिहिण्यापूर्वीं न्याय म्हणजे काय हें लिहिणाऱ्यास ठाऊक असलें पाहिजे.

१. नादारीचे तीन झरे

ज्यापाशीं कांहीं नाहीं तो नादार. आपल्या आजोबांच्या वेळीं ज्याची फी माफ होई त्यास नादार विद्यार्थी म्हणत, आणि त्या सवलतीस नादारी. आज शब्द मागें पडला आहे, परंतु गोष्ट तीच आहे.

खासगी शाळेंत गरीब मुलास मदत तीन वाटांनीं मिळते. पहिली वाट शाळेच्या मर्जीची. संचालक फी माफ करितात किंवा अर्धी घेतात. दुसरी वाट दात्याची. कोणी आपल्या आईबापांच्या स्मरणार्थ ठेव ठेवितो आणि तिच्या व्याजांतून शिष्यवृत्ति दिली जाते. तिसरी वाट कायद्याची. इतक्या जागा गरिबांसाठीं राखून ठेवा, असें सरकार सांगतें. पहिल्या वाटेनें मिळते ती मेहरबानी, दुसऱ्या वाटेनें मिळतें तें बहुधा बक्षीस, आणि तिसऱ्या वाटेनें मिळतो तो हक्क. मदतीची रक्कम तिन्ही ठिकाणीं सारखी असली, तरी घेणाऱ्याची मान मात्र सारखी राहत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शाळेंत फुकट जागा अशी कोणतीच नसते. मास्तरांचा पगार, इमारत, दिवाबत्ती ह्यांचा खर्च कोणीतरी भरीतच असतो. तो फी भरणारे इतर पालक भरितात, दाता भरितो, नाहींतर सरकारी तिजोरी भरिते. म्हणून न्यायाचा विचार दोन्ही बाजूंनीं करावा लागतो. ज्यास मदत मिळाली तो खरोखर गरजू होता काय? आणि ज्यानें ओझें उचललें त्याच्यावर तें योग्य वांटणीनें पडलें काय? उलटपक्षीं शाळेनेंही “आम्ही खासगी आहों, आमचें आम्ही पाहूं,” असें म्हणणें बरोबर नाहीं. आपल्याकडे अशा शाळा बहुधा सार्वजनिक न्यास चालवितात, आणि शिक्षण हें धर्मादाय कार्य म्हणून अशा न्यासांस आयकराची सूट मिळते. ज्यानें धर्मादायाच्या नांवानें सूट घेतली, त्याच्याकडे धर्मादायाचा हिशेब मागणें अन्याय नव्हे.

२. मागील पिढ्यांनीं काय शिकविलें

हा प्रश्न नवा नाहीं, आणि आपल्या नगर जिल्ह्यास तर मुळींच नवा नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचें काम अहमदनगरास १८३१ सालीं सुरू झालें. सिंथिया फॅरारबाई १८२७ मध्यें मुंबईस आल्या, १८३९ मध्यें नगरास आल्या, आणि १८६२ मध्यें येथेंच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुले ह्यांनीं स्वतः येऊन पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यास मुलींसाठीं शाळा काढली. सावित्रीबाईंनींही अध्यापनाचें शिक्षण फॅरारबाईंपाशीं नगरास घेतलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या मुलींस शाळा हा शब्दही ठाऊक नव्हता, त्यांस शाळेंत आणावयाचें तर फी मागून चालण्यासारखें नव्हतें.

परंतु लवकरच दुसरा विचार पुढें आला. १८५४ सालीं विलायतेहून शिक्षणाचा जो प्रसिद्ध खलिता आला, ज्यास वुडचा खलिता म्हणतात, त्यानें खासगी शाळांस सरकारी अनुदान देण्याची पद्धत घातली. त्यांतच अशी सूचना होती कीं, अनुदान घेणाऱ्या शाळेनें विद्यार्थ्यांकडून थोडी तरी फी घ्यावी. जें फुकट मिळतें त्याची किंमत राहत नाहीं, असें त्यामागील धोरण होतें. ह्या विचारांत कांहींच तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. आपल्या खिशांतून चार आणे देणारा बाप मुलगा शाळेंत गेला कीं नाहीं हें पाहतो. परंतु एकाचे चार आणे म्हणजे पानसुपारीचा खर्च, आणि दुसऱ्याचे चार आणे म्हणजे घराची संध्याकाळची भाकरी. दोघांस एकच आंकडा सांगणें ह्यास समता म्हणतां येईल. न्याय म्हणतां येणार नाहीं.

ह्याच मर्मावर जोतीरावांनीं पुढें बोट ठेविलें. १८८२ सालीं हंटर शिक्षण आयोगापुढें त्यांनीं निवेदन सादर केलें, त्यांत शिष्यवृत्तींचाही विचार आहे. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ असा कीं, शिष्यवृत्ति चढाओढीच्या परीक्षेनें देणें वरवर न्यायाचें दिसतें. पण ज्यांच्या घरीं आधींच विद्येची गोडी आहे, त्यांच्याच पदरांत ती पडते, आणि इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाहीं. म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोहोंचलेंच नाहीं, त्यांच्यासाठीं कांहीं शिष्यवृत्त्या ठेवाव्या, अशी त्यांची मागणी होती.

वाचकहो, हा मुद्दा नीट मनांत ठसवावा. शर्यत एकाच रेघेवरून सुरू झाली म्हणजे ती न्यायाची झाली असें नव्हे. एक मुलगा घरून जेवून आला आहे आणि दुसरा तीन कोस चालून आला आहे, तर रेघ सारखी असून शर्यत सारखी नाहीं. गुणांस बक्षीस द्यावें; तें चांगलेंच आहे. परंतु बक्षीस आणि मदत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीचें नांव दुसरीस दिलें म्हणजे गरिबाच्या वांट्याचें धान्य श्रीमंताच्या कोठींत जातें.

३. आजचा कायदा

आतां चालू काळाकडे येऊं. २००९ सालीं भारताच्या संसदेनें बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला, आणि तो १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमानें, सरकारचें अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळांनींही प्रवेशाच्या वर्गांतील निदान शेंकडा २५ जागा परिसरांतील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांस द्याव्या, आणि त्यांस आठवी पुरी होईपर्यंत मोफत शिकवावें, असें बंधन घातलें. त्या बदल्यांत सरकार शाळेस पैसे देतें. सरकारला आपल्या शाळेंत एका मुलामागें जितका खर्च येतो तितका, किंवा खासगी शाळेची फी, ह्यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती. महाराष्ट्रांत कित्येक वर्षें ही रक्कम वर्षास १७,६७० रुपये धरली जात होती. ती वेळेवर मिळत नाहीं अशी शाळाचालकांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाहीं. सरकारनें दिलेला शब्द सरकारनें पाळलाच पाहिजे. नाहींतर त्याचा राग शेवटीं त्या निष्पाप मुलावर निघतो.

प्रवेशाच्या वेळीं मुलाची अथवा पालकांची परीक्षा घेणें आणि देणगी मागणें ह्या दोन्ही गोष्टी ह्या कायद्याच्या तेराव्या कलमानें मना केल्या आहेत. देणगी घेतल्यास तिच्या दहापट दंड होऊं शकतो. आपल्या राज्यांत अर्ज भरण्यास पैसे लागत नाहींत. पालक दहापर्यंत शाळांचीं नांवें लिहूं शकतात, आणि जागांपेक्षां अर्ज अधिक आल्यास सोडत काढितात. कोणाची ओळख आहे, कोणाचा बाप मास्तर आहे, हें सोडतीस कळत नाहीं. ही तिची मोठी खूण आहे.

शाळाचालक ह्या कायद्याविरुद्ध न्यायालयांत गेले. १२ एप्रिल २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा योग्य ठरविला. पुढें ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं महाराष्ट्र सरकारनें नियम बदलला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल, तिच्यावर २५ टक्क्यांचें बंधन राहणार नाहीं, असें ठरविलें. शहरांत एक किलोमीटरच्या आंत अशी शाळा बहुतेक ठिकाणीं असतेच. म्हणजे सावेडीसारख्या भागांतील पुष्कळशीं दारें एका कागदानें बंद झालीं असतीं. मुंबई उच्च न्यायालयानें मे महिन्यांत ह्या बदलास स्थगिति दिली, १९ जुलै २०२४ रोजीं तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तोच निकाल कायम ठेविला.

सरकारच्या बाजूचें म्हणणेंही ऐकून घेतलें पाहिजे. आपली शाळा शेजारीं असतां खासगी शाळेस पैसे कां द्यावे, तेच पैसे आपल्या शाळेवर कां खर्चूं नयेत, असा त्यांचा प्रश्न आहे. खेडेगांवांतील आपणांस तो पटण्यासारखा आहे, कारण आपल्या बहुतेक मुलांची शाळा म्हणजे जिल्हा परिषदेचीच शाळा. ती ओस पडली तर आपलें नुकसान सर्वांहून अधिक. परंतु त्या २५ टक्के जागांचा हेतु केवळ शिकविण्याचा नाहीं. मालकाचें मूल आणि मोलकरणीचें मूल एका बांकावर बसावें, एकमेकांचीं नांवें त्यांस ठाऊक व्हावीं, हाही हेतु आहे. तो हेतु शेजारच्या शाळेनें साधत नाहीं. दोन्ही गोष्टी हव्या आहेत. एकीचें कारण सांगून दुसरी टाळणें ही पळवाट होय.

४. तराजू कोठें झुकतो

कायदा चांगला आहे, म्हणून त्याचा तराजू नेहमींच सरळ असतो असें नाहीं. चार ठिकाणें पाहूं.

पहिलें ठिकाण उत्पन्नाच्या मर्यादेचें. जे वंचित गटांत मोडत नाहींत, त्यांस महाराष्ट्रांत वर्षाचें उत्पन्न एक लाख रुपयांच्या आंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. हिशेब करून पाहा. २०२४-२५ सालीं रोजगार हमीच्या कामाचा दर आपल्या राज्यांत दिवसाला २९७ रुपये होता. त्या दरानें नवरा-बायकोनें वर्षांतून तीनशें तीनशें दिवस काम केलें, तर प्रत्येकीं ८९,१०० आणि दोघांचे मिळून १,७८,२०० रुपये होतात. म्हणजे दोघेंही कष्ट करितात आणि खरें बोलतात, तर तीं मर्यादेबाहेर गेलीं! शिपायाच्या पगाराची पावती असते, ती लपत नाहीं. बागाईतदाराच्या अथवा दुकानदाराच्या उत्पन्नाची पावती नसते. म्हणून अशी मर्यादा पुष्कळदां गरिबीची परीक्षा न राहतां कागदाची परीक्षा होते.

दुसरें ठिकाण वंचित गटाचें. त्यांत अनुसूचित जाती व जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग मुलें इत्यादींचा समावेश आहे, आणि ह्या गटास उत्पन्नाचा दाखला लागत नाहीं. पिढ्यानपिढ्यांचा अपमान पगार वाढल्यानें पुसला जात नाहीं. त्यामुळें ह्या नियमास कारण आहे. तरी त्याच जातीचा बंगलेवाला आणि वीटभट्टीवरील मजूर एकाच सोडतींत उभे राहिले, म्हणजे मजुराची संधि कमी होते, हेंही खरें. ज्याचें पोट भरलें आहे त्यानें आपण होऊन रांगेंतून बाजूस व्हावें. हें कायदा सांगत नाहीं, पण विवेक सांगतो.

येथें आपल्या लोकांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें माझें कर्तव्य आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यास अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहींत. महाराष्ट्रांत अशा ख्रिस्ती लोकांचा समावेश इतर मागासवर्गांत होतो. ह्या आदेशाविषयीं आपलें गाऱ्हाणें जुनें आहे, आणि तें योग्य मार्गानें मांडण्याचा आपणांस अधिकार आहे. परंतु शाळेच्या अर्जावर धर्म लपवून जुन्या जातीचा दाखला जोडण्याचा मोह कांहीं घरांस होतो. तसें करूं नये. इतर मागासवर्गाच्या दाखल्यानेंही मूल वंचित गटांतच बसतें. जें खरें सांगून मिळतें तें खोटें सांगून कशाला घ्यावें?

तिसरें ठिकाण अधिक खर्चाचें. माझ्या मंडळींतील एका भगिनीच्या मुलाचें नांव सोडतींत निघालें. ती धुणीं-भांडीं करिते. त्या दिवशीं तिनें शेजाऱ्यांस गूळ वांटला. शाळेंत गेल्यावर गणवेश, पुस्तकें, मोटारभाडें व सहलीचा खर्च असा आंकडा तिला सांगण्यांत आला, कीं तो तिच्या तीन महिन्यांच्या कमाईएवढा होता. पुस्तकें कोणीं द्यावीं, गणवेश कोणीं द्यावा, ह्याविषयीं शाळा सरकारकडे बोट दाखवीत होती आणि सरकारी कचेरी शाळेकडे. तिनें उसनवारी करून दिवाळीपर्यंत निभावलें. दिवाळीनंतर मूल पुन्हां महापालिकेच्या शाळेंत आलें. कागदावर त्याची फी एक पैसाही नव्हती. दाराची कडी काढली, पण उंबरठा पुरुषभर उंच ठेविला, तर दार उघडलें असें कसें म्हणावें?

चौथें ठिकाण आठवीनंतरचें. हक्क आठवीस संपतो. नववीस तेंच मूल, तीच शाळा, पण फी पुरी. केंद्र सरकारची गुणवत्ता व आर्थिक दुर्बलता दोन्ही पाहून दिली जाणारी एक शिष्यवृत्ति आहे. आठवींत परीक्षा घेऊन नववी ते बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. परंतु ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठीं आहे. विनाअनुदानित खासगी शाळेंतील गरीब मूल तिला पात्र नाहीं. अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ति पूर्वीं पहिलीपासून मिळे. २०२२ सालीं केंद्र सरकारनें ती नववी-दहावीपुरती केली. म्हणून पहिलींत प्रवेश घेतांनाच नववीचा विचार करावा. आनंदाच्या भरांत तो विसरूं नये.

५. आपल्या संस्थांविषयीं

आतां दुसऱ्यांकडे पाहणें पुरे. आपल्या घरांत पाहूं. २०१२ सालच्या निकालानें अनुदान न घेणाऱ्या अल्पसंख्याक शाळांस २५ टक्क्यांच्या बंधनांतून सूट मिळाली. ६ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती सूट सर्वच अल्पसंख्याक शाळांस लागू केली. अर्थात् ख्रिस्ती संस्थांच्या शाळांवर हें बंधन राहिलें नाहीं. १ सप्टेंबर २०२५ रोजीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं ह्या सुटीविषयीं शंका व्यक्त करून, मोठ्या खंडपीठानें विचार करावा म्हणून प्रश्न सरन्यायाधीशांपुढें ठेविला. न्यायालय काय म्हणेल तें म्हणो. आपला प्रश्न निराळा आहे. कायद्यानें जें मागितलें नाहीं, तें आपण देत आहों काय?

अल्पसंख्याकांस आपल्या शाळा चालविण्याचा अधिकार घटनेच्या तिसाव्या कलमानें दिला आहे, आणि तो मोलाचा आहे. परंतु ढाल संकटापासून बचाव करण्यासाठीं असते. तिच्याआड बसून गरिबास दाराबाहेर ठेवण्यासाठीं नसते. इंग्लंडांतील ईटनची शाळा सहावा हेन्री राजा ह्यानें १४४० सालीं सत्तर गरीब मुलांस मोफत शिकविण्यासाठीं स्थापिली. आज जगांत तिचें नांव निघतें तें श्रीमंतांच्या मुलांची शाळा म्हणून. ती आतांही कित्येकांस फीची सवलत देते, हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण बोध असा कीं, गरिबांसाठीं बांधलेलें घर गरिबांचेंच राहील असें आपोआप होत नाहीं. दर पिढीनें तें पुन्हां राखावें लागतें. याकोबाच्या पत्रांत, सोन्याची अंगठी घातलेल्यास चांगली जागा आणि मळक्या वस्त्राच्यास पायांपाशीं जागा देणाऱ्या मंडळीचा जो दोष दाखविला आहे, तो शाळेच्या कचेरींतही घडूं शकतो.

आणि तो पाळकाच्या हातूनही घडतो. बारा वर्षांपूर्वीं मी एका खेड्यांतील मंडळींत होतों. एका वसतिगृहांत आमच्या भागासाठीं एक मोफत जागा होती, आणि पाळकाच्या चिठ्ठीवर ती भरावयाची होती. दोघांनीं मागितली. एक आमच्या मंडळीच्या वडिलांचा मुलगा. दुसरी एका विधवेची मुलगी. ती विधवा दरवर्षीं दसरा झाला कीं ऊसतोडीस जात असे. वडील रोज माझ्या ओसरीवर बसत. विधवा सहा महिने गांवांत नसे. मुलाचे गुण थोडे अधिक होते. मीं चिठ्ठी मुलाच्या नांवें लिहिली, आणि गुणांचें कारण सांगून आपल्या मनाची समजूत घातली. त्या वर्षीं ती मुलगी आईबरोबर कारखान्याच्या तळावर गेली, धाकट्या भावास सांभाळूं लागली, आणि पुन्हां शाळेंत आली नाहीं. वडिलांनीं दुसरीकडे पैसे भरून मुलास शिकविलें असतें; तेवढी त्यांची ऐपत होती. मीं लांच घेतली नव्हती, खोटें लिहिलें नव्हतें. केवळ जो डोळ्यांसमोर होता तो मला दिसला, आणि जी दूर होती ती दिसली नाहीं. त्या चिठ्ठीची आठवण मला अजून स्वस्थ बसूं देत नाहीं.

६. न्याय्य मदतीच्या पांच कसोट्या

ह्या सर्वांवरून मी पांच कसोट्या काढितों. शाळा, दाता, वसतिगृह, मंडळी ह्यांपैकीं कोणाचीही मदत ह्यांवर घांसून पाहावी.

पहिली कसोटी गरजेची. “मदत न मिळाल्यास हें मूल शिकेल काय?” हा प्रश्न आधीं विचारावा. गुणांचा प्रश्न नंतर. ज्या मुलाचें शिक्षण मदतीवांचून थांबणार आहे, त्याचा हक्क पहिला.

दुसरी कसोटी उघडेपणाची. जागा किती, नियम कोणते, ठरविणार कोण, हें सर्वांस आगाऊ कळावें. ज्या मदतीची बातमी केवळ ओळखीच्यांस असते, ती मदत नव्हे. ती वांटणी आहे. एकट्या माणसानें ठरवूं नये. निदान तिघांनीं बसून ठरवावें, आणि ज्याचें नातें असेल त्यानें उठून जावें.

तिसरी कसोटी पुरेपणाची. दहा मुलांस फीचा दहावा हिस्सा देऊन दहांचीं नांवें अहवालांत छापण्यापेक्षां, तीन मुलांस फी, पुस्तकें, कपडे व जाण्यायेण्याचा खर्च पुरा द्यावा. अर्धा पूल नदी ओलांडवीत नाहीं.

चौथी कसोटी मानाची. राखीव जागेवरील मुलांस निराळ्या वर्गांत अथवा निराळ्या वेळीं बसवूं नये, असें ह्या कायद्याखालील नियमांतच सांगितलें आहे. वर्गांत उभें करून “फीमाफीवाले हात वर करा” असें म्हणूं नये. भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें. तेथें मुलें स्वतः कष्ट करून शिकत, आणि तें सर्वांचेंच काम असे. म्हणून त्या कष्टांत कमीपणा नव्हता. परंतु फी भरणारा खेळतो आणि नादार झाडतो अशी व्यवस्था जेथें असेल, तेथें स्वावलंबनाचें नांव घेऊं नये.

पांचवी कसोटी खरेपणाची, आणि ती घेणाऱ्यासाठीं आहे. खोट्या दाखल्यानें घेतलेली जागा सरकारच्या तिजोरींतून जात नाहीं. ती दुसऱ्या एका मुलाच्या हातांतून जाते. त्या मुलाचें नांव आपणांस ठाऊक नसतें, एवढेंच. तसेंच ज्याची स्थिति पुढें सुधारली, त्यानें दुसऱ्याचें एक वर्ष तरी उचलावें. नादारी हें कर्ज नव्हे, पण ती विसरण्याचीही गोष्ट नव्हे.

७. उपदेशकांनीं काय करावें

प्रत्येक गांवच्या मंडळीनें वर्षाच्या आरंभीं आपल्या मुलांची एक यादी करावी: कोण शाळेंत जातें, कोण सुटलें, कोणाचे आईबाप ऊसतोडीस अथवा वीटभट्टीवर आहेत. जीं घरें रविवारीं रिकामीं दिसतात, त्यांचीं नांवें यादींत प्रथम लिहावीं. जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा दाखला हे कागद अर्जाच्या हंगामापूर्वींच तयार करवावे. तहसील कचेरींतील खेपा शेवटच्या आठवड्यांत होत नाहींत. शहरांत राहणाऱ्या नातलगांस अर्जाची वेळ कळवावी. आणि आपल्या गांवची जिल्हा परिषदेची शाळा सोडून देऊं नये. तिच्या व्यवस्थापन समितींत पालकांस बसण्याचा हक्क ह्याच कायद्यानें दिला आहे. तेथें जाऊन बसावें व बोलावें. कारण खासगी शाळेंतील पंचवीस जागा कितीही न्यायानें भरल्या, तरी बाकीच्या मुलांचा न्याय गांवच्या शाळेंतच व्हावयाचा आहे.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें. चिठ्ठी लिहावयास बसाल, तेव्हां समोर कोण बसला आहे हें पाहूं नका. कोण आलेंच नाहीं तें आधीं आठवा, आणि मग लेखणी उचला.

मंडळींत विचारार्थ प्रश्न:

१. बक्षीस आणि मदत ह्यांत भेद काय? आपल्या मंडळीचा शिक्षणनिधि ह्यांपैकीं कशासाठीं खर्च होतो?

२. गेल्या पांच वर्षांत आपण कोणाच्या नांवें चिठ्ठ्या दिल्या? त्यांत ऊसतोड मजुरांचीं, विधवांचीं व अपंगांचीं मुलें किती?

३. उत्पन्नाची मर्यादा खरें बोलणाऱ्या कष्टकऱ्यास बाहेर ठेवीत असेल, तर त्यानें काय करावें? मंडळीनें त्यास कोणता आधार द्यावा?

४. कायद्यानें ख्रिस्ती शाळांस दिलेली सूट आपण कशी वापरावी?